अनोळखी माणसांशी बोलायचं काय?

प्रश्न : चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटी इंजिनिअर आहे. परिषदांना जावं लागतं. चहाच्या वेळी मात्र मोबाइलमध्ये डोकं घालून उभा राहतो. ओळखी कशा काढाव्यात?

उत्तर : पहिल्या सत्राआधीच पोहोचा. तेव्हा घोळके जमलेले नसतात, एकटी माणसं भेटतात. ‘काय करता?’ला उत्तर म्हणून फक्त हुद्दा मिळतो. ‘आज खास कोणाला ऐकायला आलात?’ असं विचारा, मग त्यांच्याच उत्तरातला धागा धरून पुढचा प्रश्न. असं विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडतात, असं हार्वर्डच्या संशोधकांना २०१७मध्ये आढळलं. आपण कंटाळवाणे वाटलो असू, ही भीती तर सोडाच. पहिल्या भेटीत आपण किती आवडलो याचा अंदाज बहुतेक जण कमीच बांधतात. नंबर घेतलात तर त्याच संध्याकाळी, बोलण्यातल्या विषयाचा उल्लेख करून, दोन ओळी पाठवा.