डोंगरमाथ्याच्या पाहणीविषयी

सातारा

चि. मृणाल,

तुझे पत्र पोचले. सह्याद्रीच्या माथ्यावर होऊ घातलेल्या पवनचक्क्यांच्या जैविक पाहणीचे काम पत्करावे की नाही, असे तू विचारले आहेस. पत्करावेस, असेच माझे मत आहे. कारण कोळशाच्या धुरापासून ज्यांना मनापासून सुटका हवी आहे त्यांना वाऱ्याच्या विजेकडे पाठ फिरवता येणार नाही. मात्र या कामाची जोखीम आधी पुरती ओळखून घे.

२००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेला जोडलेल्या परिशिष्टात पवनऊर्जेचा समावेश नाही. म्हणून अशा प्रकल्पाला त्या अधिसूचनेखाली ना पूर्वमंजुरीची सक्ती, ना जनसुनावणीची. वनजमीन गुंतली असेल तर वनखात्याची परवानगी लागते. पण जमीन खाजगी असली आणि महसुली दप्तरात पोटखराबा म्हणून लागलेली असली, की तिच्यावर काय जगते हे विचारण्याचे कोणालाच कारण उरत नाही. जेथे अहवालाची उलटतपासणी करणारा हजर नाही तेथे तो लिहिणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धी हीच काय ती अदालत.

आपल्या जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठाराचे उदाहरण तू नीट अभ्यासावेस. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी पवनचक्क्यांचा भाग आणि त्यालगतचा चक्क्या नसलेला भाग यांची तुलना करून आपले निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध केले. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट विरळ आढळले. त्यांचा धाक सरल्यामुळे पंख्यासारखा गळा फुलविणारे सरडे तेथे दाटीने वाढले. आणि ते सरडे माणसाला अधिक जवळ येऊ देणारे, अंगाने रोडावलेले, आणि त्यांतील नरांचे रंग फिके पडलेले, असे दिसून आले. आता विचार कर, की या संशोधकांना जर केवळ ‘पात्यांना आपटून किती पक्षी मरतात’ एवढाच प्रश्न नेमून दिला असता आणि त्यांनीही निमूटपणे तेवढेच मोजले असते, तर जे पक्षी मेले नाहीत पण तो प्रदेशच सोडून गेले, त्यांची गणती कोणत्या रकान्यात झाली असती? तुलाही बहुधा असाच आखून दिलेला प्रश्न मिळेल. तो अपुरा असेल तर तो अपुरा आहे, हे अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिणे हा तुझा धर्म आहे.

ऋतूचेही तसेच. उन्हाळ्यात जांभ्याचे पठार करपलेले, उजाड दिसते, आणि प्रकल्पाच्या मालकाला घाई असते ती नेमकी तेव्हाच. त्याच खडकावर पावसाळ्यात सीतेची आसवे आणि गेंद फुलतात, हिवाळ्यात भोवत्या येऊन गवतावर घिरट्या घालतात. मे महिन्यातील पंधरवड्याच्या पाहणीवरून ‘उल्लेखनीय जीवसृष्टी आढळली नाही’ हे वाक्य अक्षरशः खरे ठरेल, आणि तरीही ती लबाडी असेल. चक्क्या उभ्या राहिल्यावर त्यांच्या पायथ्याशी मृत पक्षी सापडला नाही, याचाही अर्थ जपूनच लावावा. कोल्ही आणि गावची कुत्री तुझ्याआधी फिरून गेलेली असतात.

पण एक उलट बाजूही आहे, आणि तुझा स्वभाव जाणून ती मी मुद्दाम लिहीत आहे. हे पठार तुला प्रिय आहे. ते वाचावे म्हणून आकडा किंचित फुगविण्याचा, अनिश्चित ते निश्चित म्हणून लिहिण्याचा मोह तुला होईल, आणि तो मोह पैशाच्या मोहापेक्षा अधिक सभ्य दिसत असल्यामुळे अधिक घातकी आहे. हा माथा राखावा, असे नागरिक म्हणून तू जाहीरपणे म्हण. मात्र ते मत नोंदींच्या तक्त्यात मिसळू नकोस.

करारनाम्यावर सही करण्यापूर्वी त्यात दोन कलमे घालून घे : पाहणी तिन्ही ऋतूंत होईल, आणि मूळ नोंदी प्रसिद्ध करण्याचा हक्क तुझ्याकडे राहील. पहिल्या कलमाबाबत मुदतीची थोडीफार तडजोड करावी लागली, तर ज्या ऋतूत पाहिले नाही त्याचा उल्लेख स्पष्ट शब्दांत कर. दुसरे मात्र मान्य होत नसेल, तर काम परत कर आणि का परत केले ते काम देणाऱ्यांना लेखी कळव.

तुझा,
मामा