मागचा अ‍ॅक्सल रुंद केला की जीप उलटणार नाही?

प्रश्न : माझ्याकडे जुनी महिंद्रा एमएम ५४० आहे. घाटवाटांवर ती उलटेल अशी धास्ती वाटते. गॅरेजवाले म्हणतात, मागे रुंद अ‍ॅक्सल टाका, काळजी मिटेल. टाकू का?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : घाई करू नका. फक्त मागची बाजू रुंद केल्याने उलटण्याचा धोका टळत नाही. गाडीची उंची, वजनाची जागा आणि पुढच्या चाकांमधलं अंतर तेवढंच महत्त्वाचं असतं. शिवाय चिखलात मागची चाकं पुढच्यांच्या चाकोरीत बसणार नाहीत.

खरी मेख गिअर रेशोची. पुढचा-मागचा रेशो जुळला नाही, तर फोर-व्हील टाकताच ट्रान्सफर केसवर ताण येऊन तो मोडू शकतो. तपासणं सोपं आहे. गाडी न्यूट्रलला घ्या, टेकू लावा, एक मागचं चाक जमिनीवर ठेवून दुसरं उचला आणि उचललेलं दोन पूर्ण फेरे फिरवा. प्रोपेलर शाफ्टचे फेरे म्हणजे साध्या डिफरन्शियलचा रेशो. पुढेही तसंच मोजा.

अ‍ॅक्सल बदलायचाच असेल, तर पुढचा-मागचा जोडीनेच घ्या. पाट्यांच्या बैठका, पिनियनचा कोन, ब्रेक-पाइप, हँडब्रेकची केबल हे सगळं नव्याने बसवावं लागेल. बैठकांचं वेल्डिंग जाणकाराकडूनच करून घ्या. चाकांना लावायचे स्वस्तातले स्पेसर नकोतच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असे बदल अडचणीत आणू शकतात. आधी आरटीओत विचारा. तूर्तास टपावरचं सामान उतरवा, झिजलेले पाटे आणि बुश बदला. कमी खर्चात फरक जाणवेल.