एकाच कुळातील वायू, तेल आणि मेण

सिलिंडरातील वायू, पंपावरचे पेट्रोल, दिव्यातील रॉकेल आणि मेणबत्तीचे मेण ही सारी मुख्यतः कार्बन व हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांची, म्हणजे हायड्रोकार्बनांची बनलेली आहेत. मग एक वायुरूप, दुसरे द्रव आणि तिसरे घन, असे का व्हावे?

‘उकळताना कार्बनाचे बंध तुटतात’ असे उत्तरपत्रिकांतून वारंवार वाचावयास मिळते. तसे घडत नाही. रेणू अभंगच राहतात. सुटते ती रेणूरेणूंमधील ओढ. या ओढीचा उलगडा फ्रिट्झ लंडन यांनी १९३० साली केला. इलेक्ट्रॉन मोठे चंचल! क्षणभर ते रेणूच्या एका बाजूस अधिक झाले, की शेजारच्या रेणूतील इलेक्ट्रॉनही सरकतात आणि दोघांत क्षणिक आकर्षण उत्पन्न होते. रेणू जितका मोठा, तितके त्यातील इलेक्ट्रॉन अधिक, शेजाऱ्याला भिडणारा पृष्ठभाग अधिक, आणि म्हणून ओढही बळकट.

आकडेच पाहा. एका कार्बनाचा मिथेन उणे १६२ अंश सेल्सिअसला उकळतो, तीन कार्बनांचा प्रोपेन उणे ४२ ला, पाचांचा पेंटेन ३६ ला आणि आठांचा ऑक्टेन १२६ ला. वीस कार्बनांचा आयकोसेन तर सुमारे ३७ अंशांपर्यंत घनच असतो. आपल्या सावरगावच्या वैशाखात मात्र तो वितळून जाईल. मुंबईत माहूल येथे १९५५ साली सुरू झालेल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात खनिज तेलाचे घटक वेगळे होतात, ते उत्कलनबिंदूंतील याच फरकामुळे.

या फरकाशी जिवाचाही संबंध आहे. पेट्रोलचे लहान रेणू साध्या हवेतच सुटून वाफ होतात. रॉकेलचे मोठे रेणू सहसा सुटत नाहीत. म्हणूनच पेट्रोलची भेसळ झालेले रॉकेल स्टोव्हमध्ये भरले, तर भडका उडतो.

केवळ वजन मोजून मात्र भागत नाही. निओपेंटेनचे रेणुसूत्र पेंटेनचेच. पण त्याची घडण चेंडूसारखी आटोपशीर. शेजाऱ्याशी संपर्क कमी, म्हणून तो ९.५ अंशांलाच उकळतो.

आणि आपल्या बागांतील संत्रे? त्याची ताजी साल ज्योतीजवळ पिळली की ठिणग्या उडतात. सालीच्या तेलातील लिमोनीन हाही हायड्रोकार्बनच आहे. त्यात दहा कार्बन, आणि उत्कलनबिंदू १७६ अंश. खनिज तेलातील दहा कार्बनांचा डेकेन १७४ अंशांना उकळतो. एक झाडावर तयार झालेला, दुसरा भूगर्भात. अंतर अवघ्या दोन अंशांचे.