खुर्चीतील बदल आणि भागधारकाचा पैसा

कोराडी म्हटले की नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे जगदंबेचे मंदिर आणि औष्णिक विद्युत केंद्राची उंच धुराडी उभी राहतात. या केंद्रात उमेदीची वर्षे घालवून निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती उपदानाची व भविष्यनिर्वाह निधीची रक्कम एकदाच येते. नेमक्या त्याच सुमारास त्याच्या कानी एखादी वार्ता पडते : अमुक दूरसंचार कंपनीत नवे अध्यक्ष आले, आता शेअर चढणार! अशा वार्तेवर कितपत विसंबावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

कोराडीकरांना या विषयाचा घरचाच अनुभव आहे. १९७४ साली येथील पहिला संच सुरू झाला तो महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या अमलात. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन झाले आणि केंद्र महानिर्मिती कंपनीकडे आले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. संच मात्र तेच राहिले. केंद्राचे रूप खऱ्या अर्थाने पालटले ते ६६० मेगावॉटच्या तीन नव्या संचांवर भांडवल खर्च करण्याच्या निर्णयामुळे. हे संच २०१५ ते २०१७ या काळात कार्यान्वित झाले.

दूरसंचाराच्या क्षेत्रात याहून बोलके उदाहरण विदेश संचार निगमाचे आहे. मुंबईत मुख्यालय असलेला हा निगम १९८६ मध्ये स्थापन झाला. पुणे जिल्ह्यातील आर्वी (वर्ध्याची आर्वी नव्हे) येथील उपग्रह भूकेंद्र त्याच्याच ताब्यात होते. परदेशी दूरध्वनीचा मक्ता असल्याने निगमाची तिजोरी भरलेली होती. फेब्रुवारी २००२ मध्ये केंद्र शासनाने त्यातील २५ टक्के भाग २०२ रुपये दराने, सुमारे १,४३९ कोटींना, टाटा समूहाला विकले आणि व्यवस्थापनाची सूत्रेही दिली. कार्यक्षम खाजगी नेतृत्व आले म्हणून बाजाराने स्वागत केले. पण मे महिन्यात नव्या संचालक मंडळाने १,२०० कोटी रुपये टाटा समूहाच्याच टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये गुंतविण्याचे ठरविले, आणि शेअर कोसळला. तत्कालीन दळणवळण मंत्री प्रमोद महाजन यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली. समूहाचे म्हणणे असे की, मक्ता संपल्यावर निगमाला देशांतर्गत ग्राहकांचा आधार हवा. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. तथापि छोट्या भागधारकाला तो कोणी आधी विचारला नव्हता.

पुढचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. याच व्यवस्थापनाने नंतर टायको व टेलिग्लोब या परदेशी कंपन्यांची जाळी घेऊन समुद्रतळाच्या तारांचा मोठा व्यवसाय उभा केला. २००८ मध्ये कंपनीचे नाव टाटा कम्युनिकेशन्स झाले. उलट टाटा टेलिसर्व्हिसेसचा मोबाईल व्यवसाय २०१९ मध्ये एअरटेलमध्ये विलीन झाला. नेतृत्व एकच; पैशाच्या दोन वाटांचे फळ मात्र निराळे.

दुसरे उदाहरण रिकाम्या तिजोरीचे. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन इंडिया व आयडिया एकत्र आल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शासनाच्या महसूलवाट्याची व्यापक व्याख्या मान्य केली आणि कंपनीवर हजारो कोटींचे देणे आले. ४ ऑगस्ट २०२१ रोजी कुमारमंगलम बिर्ला अध्यक्षपदावरून दूर झाले. दुसऱ्या दिवशी शेअर पाच रुपयांच्याही खाली उतरला. लोकांनी खुर्ची रिकामी झालेली पाहिली. तत्पूर्वी जूनमध्येच बिर्ला यांनी आपला हिस्सा शासकीय संस्थेकडे सोपविण्याची तयारी केंद्राला पत्राने कळविली होती, ही त्यातील खरी बातमी होती : मालक आणखी पैसा घालणार नाही.

कंपनी तरली ती सप्टेंबर २०२१ च्या शासकीय सवलतींमुळे. परंतु देण्याच्या बदल्यात शासनाला शेअर दिले गेले : २०२३ मध्ये १६,१३३ कोटींचे, २०२५ मध्ये ३६,९५० कोटींचे. शासनाचा हिस्सा सुमारे ४९ टक्क्यांवर गेला. पोळी तेवढीच राहून वाटेकरी वाढावेत, तसे जुन्या भागधारकाचे झाले. २०१९ मध्ये ज्याने हक्कभाग साडेबारा रुपयांना घेतला, त्याने २०२४ मध्ये कंपनी तेच शेअर जनतेला अकरा रुपयांना देताना पाहिली. या अवधीत मुख्य कार्यकारी अधिकारीही एकाहून अधिक वेळा बदलले होते.

म्हणून नव्या अध्यक्षांचे छायाचित्र पाहण्याआधी वार्षिक अहवालातील दोन ठिकाणे शोधावीत : संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार, आणि शासनाचे व बँकांचे देणे. प्रवर्तकांनी स्वतः नवा पैसा घातला काय, हेही पाहावे. सेबीच्या २०२३ च्या सुधारित नियमांप्रमाणे प्रमुख अधिकाऱ्याचे राजीनामापत्र, राजीनामा अमलात आल्यापासून सात दिवसांत शेअर बाजाराला सादर करावे लागते. ते बाजाराच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येते. पत्रात केवळ ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढेच असले, तर पुन्हा ताळेबंदाकडे वळावे.