दाखल्यावर शिक्का बसेल का?

प्रश्न : मुलगा नववीत आहे. घटक चाचणीत गुण घसरले, वर्गात गप्प असतो. बाई म्हणतात, शाळेच्या समुपदेशकांना भेटू द्या. पण मुलं चिडवतील, दाखल्यावर नोंद होईल अशी भीती वाटते.
– एक आई, सांगली

उत्तर : दाखल्यावर प्रगती आणि वर्तणुकीचे रकाने असतात, समुपदेशनाचा नसतो, ती धास्ती सोडा. समुपदेशक औषधं देत नाहीत. गुण का घसरले, हे ते मुलाशी बोलून शोधतात : बीजगणित अडलंय, झोप पुरत नाही, की मधल्या सुट्टीत कुणी छळतंय? कारण कळलं की कधी नुसता बाक बदलूनही भागतं. ‘हे घरीच विचारू की,’ असं तुम्ही म्हणाल. जरूर विचारा, पण आईला वाईट वाटेल म्हणून गिळलेलं मुलं त्रयस्थापाशी बोलतात. चिडवण्याची भीती मात्र खरी. म्हणून चालू तासातून बोलावणं नको, भेट शाळा सुटल्यावर ठेवायला सांगा. आत काय बोललास, हे खोदून विचारू नका. जिवाला धोका असेल तर समुपदेशक तुम्हाला सांगतीलच. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारकच आहे. जेवण-झोप बिघडली किंवा मरणाची भाषा आली, तर थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.