परदेशी गेलेली प्रश्नावली आणि न आलेली उत्तरे

परदेशातील मराठी वस्त्यांचा अभ्यास करणारे विद्यार्थी अजूनही टपालाने प्रश्नावली पाठवतात. मॉरिशस किंवा इस्राएलमधील वयोवृद्ध भाषकांसाठी कागद सोयीचाही असतो. अडते ते उत्तरांपाशी, आणि त्याचे एक कारण अगदी साधे आहे. सोबतच्या परतीच्या पाकिटावर भारतीय तिकीट लावलेले असते आणि ते तिथे चालत नाही. परतीचा खर्च उत्तर देणाऱ्याने सोसायचा, असा त्याचा अर्थ होतो. ही अडचण जुनीच. तिच्यासाठी १९०६च्या रोम येथील टपाल परिषदेत आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपनाची योजना मान्य झाली. पण ते विकण्याची सक्ती सदस्य देशांवर नव्हती. त्यापेक्षा तिथल्याच एखाद्या शिक्षकाचा किंवा मंडळाचा पत्ता परतीसाठी द्यावा आणि पाकिटांना स्थानिक तिकिटे लावून घ्यावीत.

बाकीचे उपाय सर्वज्ञात आहेत. फिल एडवर्ड्स व सहकाऱ्यांनी २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २९२ चाचण्यांचा आढावा घेतला. आधी कळवणे, स्मरणपत्र पाठवणे, प्रश्नावली आटोपशीर ठेवणे यांनी प्रतिसाद वाढतो, असे त्यात दिसले. छोटी भेट उत्तर आल्यावर देण्यापेक्षा प्रश्नांसोबतच पाठवलेली अधिक उपयोगी ठरते. आपल्याकडच्या प्रश्नावल्या मात्र वीस-वीस पानांच्या असतात. मार्गदर्शकांनी त्यांना कात्री लावायला हवी.

खरा प्रश्न भाषेचा आहे. मॉरिशसमधील मराठी कुटुंबांत रोजचा व्यवहार बहुधा क्रेओलमध्ये चालतो, तर इस्राएलमधल्या बेने इस्राएल समाजाची तरुण पिढी हिब्रूत वाढली. ‘आपल्या कौटुंबिक संभाषणातील भाषिक प्राधान्यक्रम विशद करा’ असे त्यांना विचारले, तर कागद बाजूला पडणारच. (इथले किती जण उत्तर देतील, हाही प्रश्नच!) ‘घरी आजीशी कोणत्या भाषेत बोलता?’ एवढे पुरे. शेजारी तोच प्रश्न त्यांच्या रोजच्या भाषेत द्यावा आणि ते भाषांतर दुसऱ्या जाणकाराकडून उलट मराठीत करवून ताडून पाहावे.

प्रश्नावली केवळ मराठीत असेल, तर उत्तरे ज्यांची मराठी टिकली त्यांचीच येतात. मग ‘तिथे मराठी टिकून आहे’ हा निष्कर्ष प्रश्नावलीनेच आधी ठरवून टाकलेला असतो. ज्या घरातून मराठी गेली, ते घर मोजदादीतूनही जाते. म्हणून प्रबंधात किती पाठवल्या, किती आल्या हे वयोगटानुसार नोंदवावे. स्मरणपत्रानंतर आलेली उत्तरे वेगळी ठेवून आधीच्यांशी ताडावीत. उशिरा आलेल्यांत मराठीचा वापर कमी दिसला, तर मुळीच न आलेल्यांत तो आणखी कमी असण्याची शक्यता धरूनच पुढचे लिहावे.