नाइट सूट: मूल मोठ्या पलंगावर जाताना काय घ्यावं, केवढ्याला घ्यावं

मूल पाळण्यातून किंवा तुमच्या कुशीतून वेगळ्या पलंगावर गेलं की दोन गोष्टी बदलतात. रात्री ते आपलं आपण खाली उतरतं आणि पांघरूण लाथाडलं तर ते परत घालायला शेजारी कुणी नसतं. नाइट सूट घेताना आधी या दोन गोष्टी बघा. डायनोसॉर की ससा, हे नंतर.

आधी पैशांचं. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा सुती होजिअरीचा सूट तुळशीबागेत किंवा दादरच्या फुटपाथवर साधारण २०० ते ३५० रुपयांना मिळतो. लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात ३५० ते ६००, मॉलमधल्या ब्रँडचा ६०० ते १,२००. ‘ऑरगॅनिक’ किंवा ‘बांबू’ असं लिहिलेलं असलं की आकडा त्याहून वर जातो. बांबूचं म्हणून विकलं जाणारं बरंचसं कापड व्हिस्कोस रेयॉन असतं. मऊ असतं यात शंका नाही, पण त्यासाठी दुप्पट पैसे मोजायचं कारण नाही. ऑरगॅनिकचे जादा पैसे द्यायचेच असतील तर लेबलवर गॉट्स (GOTS) या ऑरगॅनिक कापडाच्या प्रमाणपत्राचं चिन्ह आणि परवाना क्रमांक बघा. नुसतं हिरवं पान छापलेलं असेल तर ती सजावट समजा.

किती घ्यायचे? चार सूट पुरतात. पावसाळ्यात होजिअरी वाळायला दोन-दोन दिवस लागतात, तेव्हा सहा हवेत. डायपर सुटण्याचे दिवस असतील तर मात्र पूर्ण सूट वाढवू नका. रात्री भिजतो तो बहुतेक वेळा पायजमाच. सुटे पायजमे १२० ते २०० रुपयांना मिळतात, असे तीन घ्या. सोबत दोन ड्राय शीट, प्रत्येकी साधारण ३०० ते ५००. एक पलंगावर, एक दोरीवर. मधल्या दर्जाचे चार सूट, तीन पायजमे आणि दोन शीट धरून साधारण अडीच ते चार हजारांत सगळं बसतं.

आता माप. आपल्याकडे कपडा घ्यायचा तो वाढत्या अंगाचा. सदऱ्याला हे चालेल, पायजम्याला अजिबात नाही. पलंगावरून अंधारात उतरणाऱ्या मुलाच्या टाचेखाली दोन बोटं जादा कापड आलं की ते तोंडावर पडतं. पायजमा घोट्यावर थांबला पाहिजे आणि खाली रिबची पट्टी हवी. पावलं झाकणारे एकसंध सूट फोटोत गोड दिसतात, पण आपल्या गुळगुळीत फरशीवर ते घसरतात. तळव्याला रबरी ठिपके नसतील तर घेऊ नका. शिवाय सू करायला उठवलं की अख्खा सूट उतरवावा लागतो. या वयाला दोन भागांचा सूट आणि इलॅस्टिकचा पायजमा हवा, नाडी नको. गळ्याशी आणि टोपीला तर नाडी नकोच. पलंगाच्या कठड्यात अडकली तर गळ्याला फास बसू शकतो.

वयावर जाऊ नका, उंची मोजून न्या. २-३ वर्षांचं माप साधारण ९२ ते ९८ सेंटिमीटर उंचीसाठी असतं, तरी एका कंपनीचं तीन दुसरीच्या चारएवढं निघतं. अमेरिकेतून आत्याने पाठवलेला सूट तोकडा वाटला तर लगेच मोठं माप मागवू नका. तिथे नऊ महिन्यांवरच्या मुलांचे रात्रीचे कपडे एक तर सहज पेट न घेणारे लागतात, नाहीतर अंगाबरोबर बसणारे. सुती सूट बहुधा दुसऱ्या प्रकारात येतात, म्हणून घट्ट असतात.

दुकानात सूट उलटा करून बघा. शिवण आतून टोचते का? कार्टूनचा रबरी प्रिंट आतून कडक लागतो का? तसा असेल तर उकाड्यात छातीवर घामोळं येणारच. बटण ओढून बघा, लोकरीचा गोंडा असेल तर सूट तिथेच ठेवा. निघालेला गोंडा थेट तोंडात जातो. मुंबई-कोकणात पातळ कापड आणि डासांसाठी पूर्ण बाह्या बारा महिने चालतात. नाशिक-विदर्भाच्या थंडीत आतून बनियन घाला. जाड फ्लीसच्या नादी लागू नका, मूल मध्यरात्री घामाघूम होऊन उठतं.

चारही सूट एकदम घेऊ नका. एक आणा, दोनदा धुवा. रंग गेला नाही, आटला नाही, तर त्याच मालातले उरलेले आणा. म्हणजे पलंग बदलायच्या निदान आठवडाभर आधी सुरुवात करा.

छुपे पैसे कुठे जातात? ऑनलाइन ‘तीनचा पॅक’ स्वस्त दिसतो, पण तो तीन सूटचा की तीन सदऱ्यांचा, ते नीट वाचा. डिलिव्हरी, रोखीने पैसे दिल्यास वेगळा आकार आणि प्लॅटफॉर्म फी धरून शेवटचा आकडा बघा. रात्रीचे कपडे काही ठिकाणी परत घेत नाहीत, ती ओळ पैसे भरण्याआधी शोधा. आई-बाबा-बाळ मॅचिंग सेटमध्ये बाळाचा सूट जवळजवळ फुकट वाटतो. तुमचे दोन तुम्ही एरवी घेतले असते का, एवढंच स्वतःला विचारा. छापील एमआरपीत सगळे कर आलेले असतात. सेलमध्ये सवलतीच्या किमतीवर वेगळा जीएसटी लावला तर काउंटरवरच हटका. अशा वसुलीविरुद्ध ग्राहक आयोगांचे निकाल आहेत.

कागद एकच लागतो: पक्कं बिल. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मात्र माप चुकलं हा दोष धरला जात नाही. ते दुकानदाराच्या मर्जीवर, म्हणून बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या.

आणि एक जुना, स्वस्त रस्ता. आजीची वापरून मऊ झालेली सुती साडी किंवा बाबांचा विरलेला सुती सदरा कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे द्या. शंभर-दीडशे रुपये शिलाईत पायजमा होतो. इलॅस्टिक मात्र शिवून पक्कं करू नका म्हणावं, नेफ्यात ओवून द्या. सैल पडलं की घरीच बदलता येतं.